निळ्या रंगाखालची सुईण

मित्रांनो, मला पाहिले की लोक आधी विचारतात, "ही बाई गुडघा टेकून काय शोधते आहे?" मी काही शोधत नाही. मी अक्रोडाच्या लाकडात कोरलेली एक सुईण आहे. माझा एक गुडघा जमिनीला टेकलेला आहे, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या आहेत आणि दोन्ही तळवे पुढे, वरच्या बाजूला उघडे आहेत. येणारे बाळ झेलायला सुईण बसते तशी मी बसले आहे. उंचीला जेमतेम एक वीत. अंगावर कुठे तपकिरी रंग आहे, कुठे निळा, आणि पाठीवर तर नुसते लाकूडच उघडे पडले आहे. दिसायला मी कधीच फारशी बरी नव्हते. हे मी स्वतःहून सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगितले की मला अजून राग येतो.

मला घडवणारा मूर्तिकार एका अरुंद गल्लीत राहायचा. खाली कामाची खोली, वर घर. खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर पटाशा ओळीने मांडलेल्या, आणि जमिनीवर सदैव लाकडाच्या ढलप्या. त्याची बायको सुईण होती. सारी वस्ती तिला सुईणमावशी म्हणत असे. नवरा लाकडातून माणसे बाहेर काढायचा आणि बायको खरीखुरी, असे लोक हसून म्हणत. ते दोघेही हसत. पण त्या दोघांना स्वतःचे मूल नव्हते, आणि त्याबद्दल मात्र कुणी हसत नसे, बोलतही नसे.

एका वर्षी चर्चच्या फादरांनी मूर्तिकाराला बोलावून सांगितले, की नाताळसाठी येशूजन्माचा देखावा हवा. त्याच सुमाराला गिरणीच्या आवारातले जुने अक्रोडाचे झाड वादळात पडले होते. मूर्तिकाराने त्याचा ओंडका आणला आणि कामाला लागला. आधी बैल झाला. मग गाढव, मेंढपाळ, त्यांची मेंढरे, काठी घेतलेला योसेफ. मग मरिया. मग मुठीएवढे बाळ. आणि मरियेच्या तुकड्याला लागून जो तुकडा उरला होता, त्यातून शेवटी मी. तिच्या कमरेशी लाकडाच्या ज्या रेषा संपतात, त्या माझ्या खांद्यापाशी पुन्हा सुरू होतात. म्हणजे आम्ही सख्ख्या बहिणी. ती थोरली, मी धाकटी. थोरलीला सगळे चांगले मिळते आणि धाकटीला उरलेसुरले, हे मला पहिल्या दिवशीच कळले. तिला मऊ, खाली झुकलेल्या पापण्या मिळाल्या. मला कपाळावर आठी मिळाली. तिला निळा झगा मिळाला, आणि तो रंग इतका सुरेख होता की टेबलावरच्या सगळ्या बाटल्यांत तोच आधी दिसे. मला पायापासून मानेपर्यंत तपकिरी फासण्यात आले.

पण एक गोष्ट माझ्याजवळ होती. रंग द्यायच्या आधी मूर्तिकाराने ते मुठीएवढे बाळ उचलून माझ्या तळव्यांवर ठेवून पाहिले होते. ते अगदी बेतशीर बसले. जराही डगमगले नाही. तो स्वतःशीच म्हणाला, "वा!" आणि मग बाळ उचलून गव्हाणीत ठेवले. तेवढ्या वेळेपुरते ते माझे होते.

मूर्ती बघायला सुईणमावशी खाली आली तेव्हा तिच्या हाताला साबणाचा वास होता. ती नुकतीच एका बाळंतपणाहून आली होती. तिने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, योसेफाकडे पाहून हसली, आणि मरियेसमोर येऊन थांबली.

"हा चेहरा धाकटीचा आहे," ती म्हणाली.

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. तिचे तेव्हा लग्न व्हायचे होते. ती दिसायला देखणी होती, आणि तासन्‌तास खिडकीशी विणत बसायची तिला सवय होती.

"हो, म्हणजे ती बसली ना समोर," मूर्तिकार म्हणाला.

"आणि मी?"

"तू कधी बसलीस गं? मी पेन्सिल उचलली, की दारात कुणीतरी उभं. मावशी, चला लवकर. तुला मी आठवणीनं कोरलंय. ही बघ."

त्याने मला पुढे सरकवले. तिने मला उचलून खिडकीच्या उजेडात धरले. माझी आठी पाहिली, सारलेल्या बाह्या पाहिल्या, उघडे तळवे पाहिले.

"म्हणजे आईचा चेहरा तिला," ती हळूच म्हणाली, "आणि हात तेवढे माझे."

"अगं, हातच तर अवघड असतात," मूर्तिकार म्हणाला. त्याला वाटले, तिने कामाचे कौतुक केले. पटाशी हातात असली की त्या माणसाला दुसरे काही कळत नसे.

मी मात्र समजले. त्या दिवसापासून मी आणि सुईणमावशी एकाच चेहऱ्यावर जळू लागलो.

देखावा चर्चमध्ये मांडायला मूर्तिकार आणि सुईणमावशी दोघेही गेले होते. फादर उंच, किडकिडीत आणि मनाने मऊ माणूस होते. त्यांनी एकेक मूर्ती हातात घेऊन वाखाणली. माझ्यापाशी येऊन ते थबकले.

"ही कोण?"

"सुईण," मूर्तिकार म्हणाला. "मी तरुणपणी एका जुन्या चर्चच्या भिंतीवर जन्माचं चित्र पाहिलं होतं, फादर. त्यात दोन बाया होत्या. एक बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, दुसरी पाणी ओतत होती."

"असतात, जुन्या चित्रांत असतात," फादर म्हणाले. "कथाही आहे. योसेफ सुईण शोधायला निघतो, तेव्हा ती डोंगर उतरून येताना त्याला भेटते. फार गोड कथा आहे. पण आपल्या शुभवर्तमानात ती नाही. तिथं फक्त एवढंच आहे, की तिनं बाळाला बाळंत्यानं गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं."

"तिनं म्हणजे आईनंच? एकटीनं?" सुईणमावशीने विचारले.

"तसंच लिहिलंय, बाई."

"मग हा बैल लिहिलाय का? आणि गाढव?"

फादर हसले. "नाही. जन्माच्या गोष्टीत दोघंही नाहीत. पण लोकांना त्यांची सवय झालीय. उद्या गाढव दिसलं नाही तर मुलं रडतील. सुईण दिसली नाही तर कुणाच्या लक्षात तरी येईल का?"

ते वाईट मनाने बोलले नव्हते. पण मित्रांनो, तुम्हीच विचार करा. एका गाढवाला जागा आहे आणि मला नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाढवाचे कान तर धड सारखेसुद्धा नव्हते. एक लांब, एक आखूड. तरीही ते मरियेच्या मागे मान खाली घालून ऐटीत उभे राहिले, आणि मला सुईणमावशीने रुमालात गुंडाळून घरी आणले.

तिने मला फळीवर ठेवले नाही. आपल्या कामाच्या पिशवीत टाकले. त्या पिशवीत साबण, कात्री, दोरा, धुतलेले पंचे असत. मला वाटले, संपले माझे आयुष्य. पण तिच्या मनात वेगळेच होते.

पहिल्यांदा मला बाहेर काढले ते एका धोब्याच्या घरी. खोलीत वाळत घातलेल्या चादरींचा दमट वास होता. त्याची तरुण बायको कळांनी कासावीस झाली होती आणि ज्याला त्याला लाथा मारत होती. सुईणमावशीने मला तिच्या मुठीत दिले. "ही धर. हिला काही होत नाही. हवी तेवढी दाब." त्या बाईने मला असे आवळले की माझ्या पाठीत तिची नखे रुतली. मी लाकूड आहे म्हणून टिकले. शेवटी बाळ आले, बाई रडत हसली आणि मी चादरीवर गडगडत गेले. कुणी माझ्याकडे पाहिले नाही. सगळे बाळाकडे पाहत होते. साहजिकच आहे म्हणा.

त्यानंतर किती घरे झाली, ते विचारू नका. शिंप्याचे घर, शाळामास्तरांचे घर, बंदरावरच्या हमालाची खोली. श्रीमंतांच्या घरी मऊ गाद्या असत आणि गरिबांच्या घरी घोंगडी, पण मुठी सगळीकडे सारख्याच. माझ्या पाठीवर ओरखड्यांवर ओरखडे पडत गेले. तपकिरी रंग घामाने पुसून गेला. "ती सुईण आणलीत ना, मावशी?" असे बाया आधी विचारायच्या. माझ्याविना बाळंतपण अडते, अशी त्यांची समजूत झाली होती. आता वाटते, ते दिवस केवढे चांगले होते! पण तेव्हा माझे सगळे लक्ष चर्चकडे.

कारण नाताळच्या आधी दर वर्षी ती सगळी मंडळी डागडुजीसाठी मूर्तिकाराच्या टेबलावर यायची. कुणाचे नाक खरवडलेले, कुणाचा रंग उडालेला. माझी पिशवी तिथेच खुंटीला लटकत असे आणि तिच्या तोंडातून मला सारे दिसे. मरियेच्या अंगाला मेणबत्त्यांचा वास असायचा. तिच्या पायांशी लोकांनी वाहिलेल्या फुलांचे परागकण चिकटलेले असायचे. मूर्तिकार बारीक कुंचल्याने तिच्या झग्यावर निळ्या रंगाचा नवा हात द्यायचा, मागे सरून एक डोळा मिटून बघायचा, पुन्हा द्यायचा. माझ्यावर रंगाचा एक थेंबही कधी पडला नाही. मी बाळंतपणे करून करून झिजत होते आणि तिला काही न करता नवा झगा! रात्रंदिवस ते माझ्या डोळ्यांत खुपायचे.

दरम्यान धाकटीचे लग्न झाले. नवरा पाववाला होता. पुढच्याच गल्लीत त्याची भट्टी होती. माणूस भला, पण फार बोलका. लग्नाला बरीच वर्षे उलटली, मूल होईना. तेव्हा सुईणमावशीचे बहिणीकडे येणेजाणे पुष्कळ असायचे. दोघी पायरीवर बसून शेंगा सोलायच्या, हसायच्या. आणि मग एके दिवशी धाकटी धापा टाकत आली आणि म्हणाली, "ताई, मला दिवस गेलेत."

सुईणमावशीने तिला जवळ घेतले. "गुणाची माझी ती," म्हणाली. सारे काही रीतसर म्हणाली. पण धाकटी गेल्यावर तिने पिशवी उचलली, ती उगीचच दुसऱ्या खुंटीला लावली, पुन्हा पहिल्या खुंटीला लावली, आणि भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ उभी राहिली. मग तिचे धाकटीकडे जाणे कमी झाले. आज डोके दुखते, उद्या काम आहे. मूर्तिकार एकदा म्हणाला, "अगं, बहीण आहे तुझी. जाऊन तर ये."

"साऱ्या गावाच्या घरी जाते. तिच्याकडंच नाही गेले तर काय बिघडलं?"

"तिला तुझी गरज आहे."

"तिला कसली गरज? तिच्याकडं सगळं आहे. चेहरासुद्धा."

मूर्तिकाराने हातातली पटाशी खाली ठेवली. त्याला आता कुठे ते जुने बोलणे कळले असावे.

त्याच वर्षी चर्चमध्ये अपघात झाला. नाताळ जवळ आला होता, देखावा नुकताच मांडला होता. एक मेणबत्ती कलंडली आणि गव्हाणीतले गवत पेटले. लोकांनी पाणी ओतून विझवले, बाकीचे वाचले, पण मरियेचा एक गाल आणि खांदा जळून काळा झाला. फादर तिला टॉवेलात घेऊन धावत मूर्तिकाराकडे आले. तोपर्यंत मूर्तिकाराचे वय झाले होते आणि बोटे थरथरू लागली होती.

"नवी कोरायला वेळ नाही, फादर," तो म्हणाला. "ही दुरुस्त करायलाही महिना लागेल."

"मग आईवाचून देखावा करू?"

दोघे विचार करत बसले. फादरांची नजर खुंटीवरच्या पिशवीकडे गेली. पिशवीच्या तोंडातून माझे डोके आणि उघडे तळवे दिसत होते.

"ती," फादर म्हणाले. "ती तीच ना? गुडघा टेकलेली? निळा रंग दिला तर..."

मित्रांनो, माझे लाकूड त्या क्षणी पुन्हा झाड झाले असते! सुईणमावशी घरी नव्हती. मूर्तिकाराने मला घेतले. ओरखड्यांत भुसा आणि सरस कालवून भरला. पाठ घासून गुळगुळीत केली. आठी भरून कपाळ सपाट केले. आणि मग तो निळा रंग लावला. थंडगार, ओला, गळ्यापासून पायापर्यंत. बाह्या तेवढ्या खाली येईनात, कारण त्या कोरतानाच वर सारलेल्या होत्या. "चालतील," फादर म्हणाले.

सुईणमावशी परतली तेव्हा मी टेबलावर वाळत होते. तिने मला पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. "हिचीसुद्धा तीच केलीत?" एवढेच ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

मला तिचे वाईट वाटले नाही. मी हवेत होते.

चर्चमधले पहिले दोन दिवस मजेत गेले. मेणबत्त्या, फुले, लहान मुलांची वासलेली तोंडे. गाढव माझ्या मागे उभे होते आणि मला त्याच्याकडे ढुंकूनही पाहायची गरज नव्हती. पण बाळ माझ्या हातांत नव्हते. ते समोर गव्हाणीत होते आणि माझे तळवे नुसतेच त्याच्यावर पसरलेले होते. लोक म्हणत, "यंदा मरियेची नजर जरा वेगळीच वाटते." कुणी म्हणे, "जळलेली ती किती सुंदर होती!" म्हणजे ती घरी टेबलावर पडलेली असूनही इथे तीच होती.

आणि मग एक दिवस फुले ठेवायला दोन बाया आल्या. एक दुसरीला म्हणाली, "मावशी हल्ली ती सुईण आणत नाही. पंचा पिळून देते हातात. पण बरा असतो हो पंचा, मऊ."

पंचा! मला वाटले, कुणीतरी माझ्या छातीत पटाशी घातली. एक जुना, विरलेला पंचा माझ्या जागी! आयाबायांच्या मुठीत तो, आणि मी इथे फुलांत मढलेली. मला हवी ती जागा मिळाली होती, आणि आता मी एका पंच्यावर जळत होते.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी चर्च रिकामे होते. संध्याकाळी दिवे लागले की गर्दी होणार होती, म्हणून फादर बाकांवरची धूळ झटकत होते. इतक्यात मागचे दार धाडकन उघडले. सुईणमावशी आत आली, खांद्याला पिशवी, केस सुटलेले. तिच्या मागे पाववाला, पिठाने माखलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मुका.

ती सरळ देखाव्यापाशी आली आणि तिने मला उचलले.

"अहो बाई!" फादर धावले. "काय करताय?"

"धाकटीला सकाळपासून कळा येताहेत. बाळ आडवं आहे. ती म्हणते, साऱ्या बायांना दिलीस, मला का नाही? ती सुईण आण."

"पण संध्याकाळी लोक येतील! बाळाजवळ आई नको?"

"ते बाळ लाकडाचं आहे, फादर. ते थांबेल. माझ्या बहिणीचं नाही थांबणार."

फादरांनी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि बाजूला होऊन दार धरले.

धाकटीच्या खोलीत भट्टीची ऊब येत होती. ती घामाने निथळत होती, ओठ चावून फाटले होते. तो देखणा चेहरा ओळखू येत नव्हता. तिच्या मुठीत मला देण्याआधी सुईणमावशीने माझ्या निळ्या पाठीवरून एकदा अंगठा फिरवला.

"ताई," धाकटी म्हणाली, "मला वाटलं होतं, तू येणार नाहीस."

"मलाही वाटलं होतं," सुईणमावशी म्हणाली. "आता बोलू नकोस. श्वास घे. लांब."

मग जे सुरू झाले ते सांगणे सोपे नाही. सुईणमावशी पोटावरून हात फिरवत बाळाला इंचाइंचाने वळवत होती. तिच्या कपाळावर तीच आठी होती, जी माझी भरून टाकली होती. धाकटी ओरडायची आणि मला आवळायची. रंग पुरता वाळलेलाच नव्हता. तिच्या घामाने तो सुटू लागला, तिच्या बोटांमधून निळा ओघळला. सरस निघाला, भुसा निघाला, जुने ओरखडे मोकळे झाले आणि त्यांच्यावर धाकटीची नखे रुतली. ज्या हातांवरून मरियेचे जोडलेले हात कोरले होते, तेच हे हात. पण आता ते जोडलेले नव्हते. मला कधी कुणी इतके घट्ट धरले नव्हते.

बाळ आले. मुलगी. ती रडली नाही.

सुईणमावशीने तिला पालथे धरले, पाठ चोळली, तोंडातला चिकटा बोटाने काढला, पुन्हा चोळले. खोलीत भट्टीचा आवाज तेवढा होता. पाववाला दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "रड गं," सुईणमावशी म्हणत होती, "रड, माझे आई, रड एकदा." आणि एकदम ती मुलगी अशी किंचाळली की पाववाला मटकन खालीच बसला.

सुईणमावशीने तिला पुसले, गुंडाळले आणि छातीशी धरले. धरूनच राहिली.

"ताई, दे ना," धाकटी म्हणाली.

"देते. थांब जरा."

धाकटी थांबली. मी गादीवर पडले होते, माझे तळवे वर उघडे, रिकामे. सुईणमावशीचे हात तसेच होते, पण त्यांत बाळ होते. तेव्हा मी कुणावर जळत होते माहीत आहे? तिच्या त्या दोन हातांवर. मग तिने बाळ बहिणीच्या कुशीत दिले. धाकटीने लेकीच्या कपाळावर बोटे टेकवली आणि तिथे निळा डाग उमटला. त्या मुलीला सगळे निळी म्हणू लागले. खरे नाव घरच्यांनाही आठवून सांगावे लागे.

चार दिवसांनी फादर बाळाला बघायला आले. त्या संध्याकाळी चर्चमध्ये काय झाले, ते त्यांनी सांगितले. दिवे लागले, लोक आले आणि पाहतात तो गव्हाणीशी आईच नाही. कुजबुज सुरू झाली. पुढच्या बाकावरच्या एका लहान मुलीने मोठ्याने विचारले, "फादर, बाळाची आई कुठे गेली?"

"मी सांगितलं," फादर म्हणाले, "ती एका बाळंतपणाला गेली आहे."

धाकटी हसली. सुईणमावशी हसली नाही. तिने तोंड फिरवले आणि पदराने डोळे पुसले.

मग फादरांनी मला हातात घेतले. निळा रंग अर्धा गेला होता, खालचा तपकिरी दिसत होता. "बाई, मी बराच विचार केला," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी मरिया दुरुस्त होऊन येईल. पण हिलाही आणा. सुईण म्हणूनच. गाढवाच्या शेजारी जागा करतो."

मित्रांनो, ज्याची मी इतकी वर्षे वाट पाहिली होती, ते शब्द हेच! मी मनातल्या मनात ओरडत होते, हो म्हण, हो म्हण!

सुईणमावशीने मला त्यांच्या हातातून घेतले. "नको, फादर. हिला जागा आहे," ती म्हणाली आणि मला पिशवीत टाकले. मला कुणी विचारले नाही. मी कित्येक आठवडे तिच्यावर रुसून होते.

मरियेचा गाल मूर्तिकाराने तासून सारखा केला, पण काळा डाग पुरता गेला नाही. आणि काय सांगू! त्या डागामुळे तर लोकांना तिची जास्तच माया वाटू लागली. बाया लांबून येऊन तिच्या गालाला हात लावायच्या, तिच्यापुढे दुप्पट मेणबत्त्या लागायच्या. म्हणजे जळाले तरी तिचेच भले झाले. मी तिच्यावर आजही जळते. खोटे कशाला सांगू?

काळ पुढे गेला. मूर्तिकार गेला. बाया बाळंतपणाला दवाखान्यात जाऊ लागल्या, तिथे पलंगाला लोखंडी कठडे असत धरायला. मला त्या कठड्यांचाही राग आला. सुईणमावशीची पिशवी खुंटीवरून निघाली आणि मी एका खणात गेले, तुटक्या कात्र्या आणि बटणांच्या डब्याशेजारी. खण कधी उघडलाच तर दोरा हवा असायचा, मी नाही. वाळवीने माझ्या गुडघ्याला तोंड लावले. अंधारात पडल्या पडल्या मी माझ्या ओरखड्यांना आठवायची. हा धोब्याच्या बायकोचा, हा मास्तरीणबाईंचा, हा धाकटीचा.

निळी मोठी झाली. ती बस चालवायची, आणि मोठ्याने बोलायची सवय तिने बापाकडून घेतली होती. सुईणमावशी अंथरुणाला खिळली तेव्हा निळीच तिच्याजवळ येऊन राहिली. एके दुपारी मावशीला फार वेदना होत होत्या. तिचे हात चादरीवर काहीतरी चाचपत होते.

"काय हवंय, मावशी? पाणी?"

"ती कुठाय? ती माझी..."

निळीने साऱ्या घरात शोधले आणि शेवटी तो खण ओढला. पदराने मला पुसले आणि मावशीच्या उजव्या मुठीत दिले.

इतकी वर्षे तिने मला पिशवीतून काढून दुसऱ्या बायांच्या हाती दिले होते. ती मला पुसायची, ठेवायची, उचलायची. पण त्या बायांनी धरले तसे तिने मला स्वतःसाठी कधीच धरले नव्हते. तिच्यावर तशी वेळच आली नव्हती. आता तिने धरले. तिचा अंगठा माझ्या पाठीवरच्या खोलगट जागेत बसला आणि मूठ आवळली गेली. बोटांत केवढे बळ होते तिच्या! ती पकड मी ओळखत होते. शेकडो बायांनी मला तसेच धरले होते.

"श्वास घे, मावशी," निळी म्हणाली. बस चालवणारी ती दणकट पोरगी हुंदके देत होती. "लांब श्वास घे."

मावशीच्या डाव्या मुठीत निळीचा हात होता. मला त्या हाताचा मत्सर वाटला. शेवटपर्यंत मी हेच ताडून पाहत होते, की ती कुणाला जास्त घट्ट धरते आहे, मला की तिला. मला कळले नाही. मग हळूहळू दोन्ही मुठी सैल झाल्या. निळीने आधी माझ्यावरची बोटे एकेक करून सोडवली. स्वतःचा हात तिने बऱ्याच वेळाने काढला.

आता मी निळीच्या घरी, खिडकीत असते. परवा तिच्या शेजारणीने मला पाहून म्हटले, "किती रंग उडालाय हिचा! दे माझ्याकडे, छान नवा निळा देऊन आणते." निळीने मला उचलले, पाठीवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाली, "आधी हातात घेऊन बघा हिला." शेजारणीने मला हातात घेतले. तिची बोटे आपोआप त्या ओरखड्यांत जाऊन बसली.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात एखादी जुनी, विटलेली वस्तू असेल, किंवा एखादे म्हातारे माणूस असेल, तर त्याला नवे करायची घाई करू नका. आधी त्याला जवळ घ्या, हाताने चाचपून बघा. ते कुठे झिजले आहे आणि कुणासाठी झिजले आहे, ते तुमच्या बोटांना कळेल. मग वाटले तर रंग द्या.

आणि द्यायचाच झाला, तर निळा नको. तो मरियेचा आहे.